९६० ठिपक्यांचा फ्रॉक

लेकीचा चौथा वाढदिवस आम्ही बाहेर केला होता. हॉल, फुग्यांची कमान, मुलांना खेळवायला एक ताई, तीन थरांचा केक, असं सगळं एका पॅकेजमध्ये होतं. दोन तासांत आटोपलं, कारण पुढच्या वाढदिवसाची मंडळी दारात येऊन थांबली होती. केक कापताना गाण्यांचा आवाज एवढा होता की लेक दोन्ही कानांवर हात धरून उभी राहिली. ठाण्यातल्या घोडबंदर रोडने रिक्षातून घरी येताना तिने विचारलं, "आई, आता माझा वाढदिवस कधी आहे?"

वर्षभर तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

यंदा फेब्रुवारीत नौपाड्याला आईकडे गेलो असताना जुना अल्बम निघाला. त्यात माझ्या पाचव्या वाढदिवसाचा फोटो आहे, मागे बाबांच्या अक्षरात 'एप्रिल १९९०'. मी पाटावर बसलेय, अंगात छातीवर जाळीचं काम केलेला, फुगा बाह्यांचा फ्रॉक. भिंतीवर पताका. समोर स्टीलच्या ताटल्यांमध्ये केक, चिवडा, नानकटाई, आणि बाजूला दाटीवाटीने बसलेली वाड्यातली पंधरा-सोळा मुलं. लेकीने फ्रॉकवर बोट ठेवलं.

"हा कुठून आणला?"

"आणला नाही, मी शिवला," आई म्हणाली.

"आणि केक?"

"तोही मीच केला."

लेक थोडा वेळ आजीच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पण असा."

त्या दिवशी ठरवलं की पाचवा वाढदिवस घरी करायचा, आणि त्यातलं जे जे हाताने होण्यासारखं आहे ते हातानेच करायचं. जुन्या धाटणीचे फ्रॉक हल्ली तयार मिळतात. राम मारुती रोडवर एक पाहिला, रंग सुरेख होता. आईने तो उलटा करून आतली बाजू बघितली. जाळीच्या जागी मशीनने इलॅस्टिकचा दोरा ओढलेला होता. तिने काही न बोलता तो परत ठेवला. मलाही तेव्हा नीट कळलं की लेकीला तो फ्रॉक फक्त अंगात घालायचा नव्हता. तो होतो कसा, हे तिला बघायचं होतं. वाढदिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे हातात दोन महिने. एवढा वेळ लागतोच, हे आता अनुभवाने सांगते.

सुरुवात साडीपासून झाली. आईच्या ट्रंकेत तिची एक वायलची साडी होती, फिकट पिवळी, बारीक निळ्या फुलांची. ट्रंक उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी धाकट्याला तिथून उचललं. तो दीड वर्षाचा आहे. तो झाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला थेट घालायचे नाहीत. काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, आणि डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या संपर्काने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ट्रंकेतून बाळाची कुंची, झबली-टोपरी काढणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं. साडी दोनदा धुतली, चार दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवली, वास पूर्ण गेल्यावरच तिला कात्री लावली.

त्याआधी आईने साडी खिडकीशी उजेडात धरली. निऱ्यांचा भाग आणि घडीच्या रेघा विरल्या होत्या, उजेड सरळ आरपार येत होता. दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून तिने आडवं ताणलं. एका ठिकाणी चर्र झालं. पदराकडचं दीडेक मीटर मात्र घट्ट होतं. "एवढ्यात होईल. बाकीच्याचं पोलक्याला अस्तर करू," ती म्हणाली. आईची आवडती साडी कापायला माझा हात धजत नव्हता. तिनेच पहिली कात्री चालवली.

आता जाळीकाम. त्याला स्मॉकिंग म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द 'स्मोकींचं काम' असाच बोलला जातो. याचं गणित सोपं आहे: छातीवर जेवढी रुंदी हवी त्याच्या तिप्पट कापड घ्यायचं. लेकीच्या फ्रॉकला पुढून दहा इंच हवं होतं, म्हणून तीस इंच. कापडाच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने ठिपक्यांच्या रांगा काढायच्या, दोन दोन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) एक ठिपका, दोन रांगांमध्ये तीन सूत अंतर. तीस इंचांत एका रांगेला १२० ठिपके झाले. आठ रांगा म्हणजे ९६०. आईने जुन्या पोस्टकार्डाच्या कडेला दोन दोन सुतांवर खाचा पाडल्या आणि ते कार्ड कापडावर सरकवत सरकवत ठिपके टाकले. शेवटची रांग लेकीने काढली. ती जरा वाकडी झाली. मी खोडरबर शोधायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे गं. सगळ्यात खालची रांग आहे, ती सुटीच ठेवू, घेरात मिसळून जाईल."

मग प्रत्येक रांगेत वेगळा धावदोरा. प्रत्येक ठिपक्याखाली सुईने कापडाचा अगदी कणभर भाग उचलायचा. टोकाला मजबूत गाठ, दुसरं टोक मोकळं. आठही रांगा झाल्या की सगळी मोकळी टोकं एकदम धरून हळूहळू ओढायची. इथे माझी चूक झाली. घरात होता तो साधा एकेरी शिलाईचा दोरा मी वापरला आणि ओढताना सहाव्या रांगेचा दोरा मधोमध तुटला. एका रांगेच्या चुण्या सुटल्या की बाकीच्या रांगाही तिरक्या होतात. पूर्ण दोरे काढून, जाड दोऱ्याने, दुहेरी करून पुन्हा घातले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा मात्र तीस इंचांचं कापड मिटत मिटत ओंजळीएवढं झालं, आणि उभ्या, एकसारख्या १२० चुण्या पेटीच्या भात्यासारख्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. लेकीने त्यांवरून नखाने टर्रर्र आवाज काढला. मग रोज तोच आवाज ऐकायला ती माझ्या शेजारी येऊन बसायची.

आता सुलट बाजूने भरतकाम. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. शेजारच्या दोन चुण्या एकत्र धरून दोन टाके, मग सुई दुसऱ्या चुणीच्या आत शिरते आणि पोटातून खालच्या रांगेवर उतरते. तिथे तीच चुणी तिसरीशी जोडायची. पुन्हा चुणीच्या पोटातून वर. वरून बघणाऱ्याला फक्त निळे बारीक ठिपके दिसतात, मधला दोरा दिसत नाही. याला हनीकोंब म्हणतात, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते म्हणून. टाका ओढताना हात सैल ठेवायचा. मी सुरुवातीला घट्ट ओढत होते. आईने माझं मनगट धरून तीन-चार टाके घालून दाखवले. लहानपणी मी तिच्याकडून हे शिकले नव्हते, तेव्हा मला वेळ नव्हता. आता तिला चष्मा लावूनही दुसऱ्या दिवशी डोळे दुखतात, तरी ती शेजारी बसून राहायची.

अकरा संध्याकाळी लागल्या. काम संपल्यावर चुण्यांचे धावदोरे काढायचे असतात, तो मान लेकीला दिला. तिने एकेक गाठ कापली आणि दोरा ओढला, दोरा सरसर बाहेर आला. शेवटचा निघाला आणि कापडाने जणू श्वास सोडला. मिटलेली जाळी पसरली, पोळ्याची घरं उघडली. बोटांनी ताणलं की रुंद होतं, सोडलं की पुन्हा मिटतं. इलॅस्टिक नसताना कपडा अंगाबरोबर हलतो तो यामुळे. वाढत्या अंगाला हे काम का घालायचे, ते मला त्या क्षणी हातातच कळलं.

गोल कॉलर, फुगा बाह्या, मागे काज-बटणं आणि कमरेला मागे बांधायचा पट्टा हे सगळं आईच्या पायमशीनवर झालं. घेराला खाली आईने दोन टक घातले. ते कशासाठी, हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने टक मोजून बघितले.

धाकट्याचा बाबासूट मात्र एका रविवारी उरकला. बाबांचे सत्तरच्या दशकातले दोन टेरिकॉट शर्ट आईने जपून ठेवलेत. त्यातलाच एक घ्यावा असं तिच्या मनात होतं. मी नको म्हटलं. एप्रिलमधल्या ठाण्याच्या घामात दीड वर्षाच्या बाळाला टेरिकॉट घालणं बरोबर नाही, ते कापड घाम फारसा शोषत नाही. म्हणून बेत जुना आणि कापड साधं सुती पॉपलीन: हाफ शर्ट आणि गॅलिसची चड्डी. गॅलिसला बटणं न लावता ते मागे-पुढे शिवूनच टाकले, कारण बटण सुटलं की थेट तोंडात जातं. जुनं सगळंच जसंच्या तसं उचलायचं नव्हतं. घरात बाळ असलं की प्रत्येक वस्तूला आधी तो प्रश्न विचारावा लागतो.

आता खाऊ. नानकटाई आमच्याकडे घरी भाजत नसत. आई मैदा, साखर, तूप असा जिन्नस घेऊन बेकरीत जायची, तिथे भट्टीवर पीठ मळून, भाजून मिळायचं, आणि आम्ही भावंडं पत्र्याचा डबा दोन बाजूंनी धरून घरी आणायचो. डबा गरम असायचा, फडक्याने धरावा लागायचा. यंदा मी त्याच भागातल्या एका बेकरीत विचारून आले. भट्टी केव्हाच बंद झालीय, आता विजेचा ओव्हन आहे आणि बाहेरचा जिन्नस घेत नाहीत. मालकांनी अगदी आपुलकीने सांगितलं, पण नाहीच म्हणाले.

मग आईच्या माळ्यावरून गोल ओव्हन खाली आला. अॅल्युमिनियमचा, झाकणाला मधोमध काच, वायरीवर सुती विणीचं आवरण. आई म्हणाली, लाव की, चालू होता तेव्हा. मी लावला नाही आणि ते बरं झालं. नौपाड्यातल्या इलेक्ट्रिकवाल्या काकांनी प्लग उघडला तेव्हा आतल्या रबराचा भुगा त्यांच्या तळहातावर पडला. अर्थिंगची तार प्लगला जोडलेलीच नव्हती. सगळं अंग धातूचं, म्हणजे आत कुठे तार उघडी पडली असती तर हात लावणाऱ्याला झटका. "घरात लहान मुलं आहेत ना? मग अर्थिंग केल्याशिवाय हा मी देणार नाही," काका म्हणाले. उष्णता सोसणारी तीन तारांची नवी वायर, नवा मोठा प्लग, साडेतीनशे रुपये. माळ्यावरची जुनी विजेची वस्तू कोणी वापरायला काढत असेल तर आधी हे करून घ्या, एवढं कळकळीने सांगते.

ओव्हन ओट्याच्या कडेपासून आत ठेवला आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. लेकीने तिला लक्ष्मणरेषा असं नाव दिलं आणि धाकट्याला ती दिवसभर रेघेच्या मागे ओढत होती.

नानकटाईचं प्रमाण आईचं: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा सोडा, वेलची-जायफळ. वाटी कोणतीही चालते, पण सगळ्याला एकच. पहिला घाणा पूर्ण बिघडला. गोळे ओव्हनमध्ये गेले आणि दहा मिनिटांत काचेतून बघते तर सगळे पसरून एकमेकांना चिकटलेले, पातळ चकत्या. पीठ कमी पडलं असं समजून दुसऱ्या घाण्यात मैदा वाढवला, तर ते दगडासारखे झाले. आईला फोन केला. तिने एकच प्रश्न विचारला, "तूप कसं होतं?"

तूप पातळ होतं. आमच्या सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एप्रिलच्या दुपारी तूप थिजत नाही. आणि नानकटाईचा सगळा जीव थिजलेल्या तुपात आहे. घट्ट तूप फेसलं की त्यात हवा धरून राहते, त्याने नानकटाई फुलते आणि पसरायच्या आत कडा धरते. पातळ तुपात हवा राहत नाही, आच लागली की ते वाहतं. आईने सांगितलं तसं तूप फ्रीजमध्ये थिजवलं, परातीत काढलं, परातीखाली बर्फाच्या पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. मग तळहाताच्या पोटाने, एकाच दिशेने, फेसत राहायचं. पहिली पाच मिनिटं रवाळ कण हाताला टोचतात. हळूहळू कण विरतात, रंग पिवळ्याचा पांढरा होतो आणि हात वर केला की तूप लोण्यासारखं शेंडा धरून उभं राहतं. तेव्हा पिठीसाखर, पुन्हा फेसणं, आणि अगदी शेवटी चाळलेलं पीठ. पीठ घातल्यावर मळायचं नाही, फक्त गोळा होईल एवढंच एकत्र करायचं. वळलेले गोळे अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये.

लेकीने प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याने खळगा केला. बारा गोळ्यांचा एक घाणा, पंधरा ते अठरा मिनिटं. या ओव्हनला तापमानाची चकती नाही, आणि एका बाजूला रंग लवकर चढतो, म्हणून आठ मिनिटांनी डबा फिरवायचा. बाहेर काढल्यावर नानकटाई बोटाने दाबली तर मऊच लागते आणि कच्ची राहिली असं वाटतं. हात लावायचा नाही. गार झाली की खुसखुशीत होते. नऊ घाणे, १०८ नानकटाया, एका दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. मजल्यावरच्या काकू वास घेत आल्या आणि शेवटचे दोन घाणे त्यांनीच फिरवले.

बाकीचा खाऊ मुलांचं वय बघून ठरवला. पाहुण्यांत चार मुलं तीन वर्षांच्या आतली होती. एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत अख्खा शेंगदाणा अडकू शकतो, म्हणून मुलांच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यात ना दाणे, ना डाळं, ना खोबऱ्याचे काप. मोठ्यांचा चिवडा वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर. चिक्कीऐवजी गूळपापडी. कणीक तुपावर खमंग भाजायची, गॅस बंद करायचा आणि मगच किसलेला गूळ घालायचा. गूळ आचेवर शिजला की वडी कडक होते, बंद आचेवर नुसता विरघळला की मऊ राहते आणि बाळाच्या तोंडातही विरते. पिण्याला कैरीचं पन्हं, जांभळी नाक्यावरून आणलेल्या तीन किलो कैऱ्यांचं.

वेफर्सऐवजी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. गच्ची एरवी कुलूपबंद असते. सोसायटीत लेखी अर्ज दिला तेव्हा दोन दिवसांसाठी किल्ली मिळाली. सकाळी सातला गच्चीवर चढलो, समोर येऊरचे डोंगर, आणि आम्ही प्लॅस्टिकवर चमच्याने गरम साबुदाणा पसरतोय. बिटाच्या रसाने काही गुलाबी, पालकाने काही हिरव्या. कावळे हाकलायला बिल्डिंगमधली मुलं आपणहून आली. दोन दिवस त्यांनी पाळ्या लावून राखण केली आणि अर्धवट सुकलेल्या चिकट पापड्या खाल्ल्या. ती चव मी पस्तीस वर्षांनी घेतली.

पताकांसाठी स्टेशनकडच्या बाजारातून घोटीव कागद आणला. चिकटवायला आई घरी खळ करायची, मैद्याची, आणि कागदाला किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकायची. मोरचूद विषारी. ते वगळलं, नुसती मैदा-पाण्याची खळ शिजवली. पताका एक दिवस टिकल्या तरी पुरे होत्या. सहा मुलं जमिनीवर बसून त्रिकोण सुतळीवर दुमडत होती, खळ केसांपर्यंत गेली. फुगे मात्र लावलेच नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाने तोंडात घातला तर तो घशाला चिकटून बसतो.

केक चार अंड्यांचा. अंडी फोडून वजन करायची, तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. माझी चार अंडी २०० ग्रॅम भरली. एप्रिलमध्ये लोण्याचं आयसिंग कापेपर्यंतही उभं राहिलं नसतं, म्हणून लेकीने कागद दुमडून कात्रीने जाळी कापली, ती गार केकवर ठेवली आणि वरून पिठीसाखर चाळली. कागद उचलला तेव्हा पांढरी नक्षी उमटली होती. तिला आधी पटेना की एवढंच करायचं असतं. मग तिने आणखी दोन कागद कापले.

वाढदिवसाच्या दिवशी आईने तिच्या स्टीलच्या ताटल्या पाठवल्या. प्रत्येकीवर कोणाचं तरी नाव आणि तारीख कोरलेली: कोणाच्या मुंजीची, कोणाच्या लग्नाची, एकीवर माझ्या बारशाची तारीख. वाचता येणारी मुलं आपल्या ताटलीवर काय लिहिलंय ते मोठ्याने सांगायला लागली. एका मुलाने सगळा चिवडा संपवून तळाशी असलेली तारीख शोधली. केक आला तेव्हा खोलीत शांतता होती, कारण आम्ही गाणी लावलीच नव्हती. आधी पाटावर औक्षण, सासूबाईंनी निरांजन ओवाळलं, आईने सुपारी-अंगठी. मग केक. मग 'आईचं पत्र हरवलं'. चौदा मुलं गोल बसली. त्यातल्या निम्म्यांना हा खेळ माहीत नव्हता, पण दोन डावांत सगळ्यांना आला. अडीच तासांसाठी बोलावलं होतं, सगळे घरी जायला साडेचार तास लागले. जाताना प्रत्येकाला कागदी पुड्यात सहा नानकटाया, सुतळी बांधून.

लेकीने फ्रॉकवर पन्हं सांडलं. मी धावले, पण आई म्हणाली, "वायल आहे, निघेल," आणि खरंच निघालं.

संध्याकाळी सगळे मिळून तलावपाळीवर गेलो. माझ्या लहानपणी वाढदिवसाला हेच व्हायचं, मासुंदा तलावाला एक फेरी, कोपिनेश्वराचं दर्शन. गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्याशी उभं राहून नवऱ्याने आईचा आणि लेकीचा फोटो काढला. त्याची प्रत कागदावर छापून घेतलीय. मागे तारीख मी लिहिली.

गोल ओव्हन आता आमच्याकडेच आहे. शनिवारी नानकटाई होते, अंगठ्याचे खळगे आता दोन मापांचे असतात, कारण धाकट्यालाही रेघेच्या अलीकडे बसून गोळे दाबायला मिळतात. फ्रॉक धुऊन, घडी घालून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलाय. परवा लेकीने तो काढून अंगाला लावून बघितला, गुडघ्याच्या किंचित वर आला होता. तिने घेर उलटा करून टक मोजले आणि मला विचारलं, "पहिला कधी उसवायचा?"

"पुढच्या एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

"आणि उसवायला आजी येणार ना?"

आईला मी तेव्हाच फोन लावून दिला.